फक्त काळ्यावर

बल्खाश गावात व्हिडिओ गेमचं काळं कन्सोल एकाच माणसाकडे होतं, मार्लेनकडे. बाकी ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे पांढरं. बाजाराजवळचा दुकानदार कारागांदाहून वापरलेली पांढरी कन्सोलं आणायचा आणि सोबत पिशवीभर नकली डिस्का द्यायचा, त्यामुळे दुसरं काही घ्यायचा विचारही कुणाच्या मनात यायचा नाही. काळ्यावर नकली काही चालत नसे. मार्लेननं ते घेतलं त्याच वर्षी त्याची बायको गुलझिरा मुलीला घेऊन कायमची अस्तानाला गेली होती. साठलेल्या रजेचे पैसे हातात आले होते आणि घर फार शांत झालं होतं.

तो सरोवराकाठच्या पंपघरात कामाला होता. तांब्याच्या कारखान्याला पाणी पुरवणारे पंप, एक टेबल, एक खिडकी आणि पाळी एकट्याची. बोलायची सवय त्याला मुळातच कमी होती. पंपांच्या आवाजात उरलेलीही गेली. चव्वेचाळिशीचा, उंच, जरासा वाकून चालणारा माणूस. शेजाऱ्यांना त्याचा आवाज कसा आहे हे आठवून सांगता आलं नसतं.

पण रविवारी दुपारी त्याच्या घराचा आवाज तळमजल्यापर्यंत यायचा. त्याला कारण कुलाक. हा मारामारीचा खेळ. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात आणि एक आडवा होईपर्यंत झुंजतात. खेळाचं खरं नाव जपानी आणि जिभेला न पेलणारं, म्हणून गावानं त्याला कुलाक केलं होतं. कुलाक म्हणजे मूठ. कंपनीच्या करारामुळे तो फक्त काळ्यावर चालायचा. ज्याला कुलाक खेळायचा त्यानं मार्लेनच्या तिसऱ्या मजल्यावर चढून यायचं, दुसरा मार्गच नव्हता.

येणारे तिघं होते. रिनात टॅक्सी चालवायचा. तातार, गुबगुबीत, तोंडाचा पट्टा सदा चालू. येताना तो नेहमी कागदात गुंडाळलेला धुरावलेला मासा घेऊन यायचा. बेकझात शाळेत भूगोल शिकवायचा, वयानं लहान, मार्लेनला आदरानं 'माके' म्हणायचा. आणि तिसऱ्या ल्युदामावशी, बाजारात कोरियन पद्धतीच्या गाजराच्या कोशिंबिरी विकणाऱ्या. वयानं साठीला आलेल्या. त्यांचा मुलगा वालेरा शाळेत असल्यापासून मार्लेनकडे खेळायला यायचा. तो कोरियात कारखान्यात कामाला गेला, त्यानंतर एका रविवारी मावशी कोशिंबिरीचा डबा घेऊन स्वतःच वर आल्या. "माझं पोर इथं एवढा वेळ काय करायचं ते मला बघायचंय," म्हणाल्या. बघता बघता कंट्रोलर हातात घेतला. महिन्याभरात त्या रिनातला आडवा करायला लागल्या.

मार्लेननं सगळ्यांसाठी घरात घालायच्या सपाता आणून ठेवल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी तो बाउरसाकचं पीठ मळायचा. गोळे तळताना तेल उडायचं, भिंत खराब व्हायची, आणि तो गुणगुणायचा. हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

वसंतात बातमी आली. रिनात आणि मावशींची झुंज रंगात आली होती, आणि बेकझात फोन बघत बसला होता.

"अरे! कुलाक शरदात सगळीकडे येतोय. पांढऱ्यावर, कम्प्युटरवर, सगळीकडे. कंपनीनंच सांगितलंय."

रिनातनं कंट्रोलर टाकला आणि सोफ्यावर गुडघ्यांवर उभा राहिला. "मार्लेन! ऐकलंस? तुझ्या काळ्या राणीनं घटस्फोट घेतला रे!"

घटस्फोट शब्दावर खोली क्षणभर अडखळली. रिनातच्याही लक्षात आलं, पण तो थांबणारा नव्हता. "आता त्याच्यावर विणलेला रुमाल घाल आणि फुलदाणी ठेव. माझी आजी रेडिओवर ठेवायची तशी!"

"पांढऱ्यावर कुलाक चालणार नाही," मार्लेन म्हणाला.

"का नाही चालणार?"

"बटणं भुसभुशीत आहेत तुमची. हातमोजे घालून सुईत दोरा ओवायला बसल्यासारखं होईल."

"आणि तुझी काय सोन्याची? कंट्रोलरची ही डावी काडी बघ, निम्मी झिजलीय. आणि ती माझ्याच अंगठ्यानं झिजलीय!"

"माके, पण चांगलंच आहे की," बेकझात समजुतीनं म्हणाला. "जास्त लोक खेळतील."

"जास्त लोक आले की खेळ बिघडतो."

"बिघडतो म्हणजे कसा?"

"बिघडतो म्हणजे बिघडतो!" मार्लेनचा आवाज चढला. त्याचा चढलेला आवाज तिथल्या कुणीच आधी ऐकला नव्हता. "ते सगळ्यांसाठी सोपा करून ठेवतील. डोळे मिटून दाबणाराही जिंकेल. आम्ही एवढी वर्षं काळ्याच्या बाजूनं उभे राहिलो ते काय उगाच?"

"आम्ही कोण?" रिनातनं खोलीभर नजर फिरवली. "इथं काळ्याचा एक माणूस आहे. बाकी सगळे पांढरे. मावशी, तुम्ही कुणाच्या?"

"मी गाजराची," मावशी म्हणाल्या. "खेळ पुढं. माझा लढवय्या कधीचा ताटकळलाय."

हसण्यावारी गेलं. पण मार्लेन त्या दिवशी पुन्हा खेळला नाही. चहा ओततच राहिला, ज्यांच्या वाट्या भरलेल्या होत्या त्यांनाही. आपल्याला काय खुपतंय ते त्याला नेमकं कळत होतं. बटणांशी त्याचा काहीच संबंध नव्हता. सगळ्यांना आपापल्या घरी कुलाक मिळाला तर हा जिना कोण चढणार? पण हे बोलायचं कसं? चव्वेचाळीस वर्षांच्या माणसानं असं काही बोलायचं असतं का?

बोलता आलं नाही म्हणून त्यानं लिहिलं.

रशियन बोलणाऱ्या खेळाडूंचा एक मोठा फोरम होता, आणि तिथं या बातमीवरून रण माजलं होतं. काळेवाले म्हणत होते कंपनीनं दगा दिला. पांढरेवाले म्हणत होते रडा आता. शिव्या, चित्रं, टोमणे यांचा नुसता पाऊस. मार्लेननं 'किनारा' असं नाव घेतलं आणि पंपघरातल्या टेबलावर बसून लिहायला लागला. जन्मात कुणाला लांब पत्र न लिहिलेला माणूस पानंच्या पानं लिहू लागला. आणि लोकांना ते आवडायला लागलं! तोम्स्कमधून, ओडेसातून, कुठून कुठून लोक लिहायचे, 'किनारा बोलला ते शंभर टक्के खरं', 'किनारा, तू आमच्या मनातलं लिहितोस.' करार मोडू नये म्हणून त्यानं कंपनीला उद्देशून एक विनंती लिहिली, तिच्याखाली हजारो लोकांनी नावं घातली. पाळीवर जाताना त्याची पावलं भराभर पडायला लागली. खिडकीबाहेर सरोवर वितळून निळं झालं होतं, त्याच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी उफा शहरातल्या एका मुलानं त्याला उलट लिहिलं. 'काका, मी हा खेळ मित्राच्या घरी जाऊन खेळतो. तो खेळू देईल तेव्हाच मला मिळतो. आता माझ्या घरी खेळेन. यात तुमचं काय जातं?'

वाचून मार्लेनची कानशिलं तापली. नेमकं त्याचं जे जात होतं तेच त्या मुलानं विचारलं होतं. त्यानं रागाच्या भरात उत्तर ठोकलं आणि पाठवून दिलं. ते सगळ्या फोरमवर फिरलं.

पुढच्या रविवारी सगळे जमले होते. बाउरसाक संपत आले होते. रिनातनं फोन काढला.

"हे ऐका, हे ऐका. काळ्यांचा एक बडा नेता आहे, किनारा नावाचा. भलताच दीडशहाणा. काय लिहितो बघा." त्यानं घसा साफ केला आणि पुढाऱ्याच्या थाटात वाचायला लागला. "'हा खेळ आम्ही जपला. बाकीचे काय करत होते? दुसऱ्याच्या घरी जाऊन बसत होते. पडदा दुसऱ्याचा, वीज दुसऱ्याची, चहा दुसऱ्याचा. अशा फुकट्यांसाठी कंपनी आता दार उघडतेय. एकदा झडप सुटली की दाब परत येत नसतो.' अरे वा! झडप म्हणे! दाब म्हणे!"

बेकझात हसत होता. हसता हसता तो थांबला आणि मार्लेनकडे बघितलं. मग मावशींनी बघितलं. रिनात मात्र पुढची ओळ शोधत होता. खोली गप्प झाल्यावर त्यानं मान वर केली.

मार्लेनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता.

"तू?" रिनात म्हणाला.

"ते त्या उफाच्या पोराला लिहिलं होतं."

"हं."

"तुम्हाला उद्देशून नव्हतं, रिनात. रागात—"

"पोराला काय आणि मला काय. दुसऱ्याचा चहा मीच पितोय की." रिनातनं वाटी हळूच खाली ठेवली. त्याचा आवाज अगदी साधा होता, त्यात चेष्टा नव्हती. त्याच्या तोंडी असा आवाज ऐकायची कुणाला सवय नव्हती. "मासा मी आणायचो रे," तो म्हणाला.

दाराशी बसून त्यानं बूट घातले. नाडी बांधायला वेळ लागला, पोट आड येत होतं. एरवी यावरून त्यानं स्वतःच विनोद केला असता. बेकझातही उठला. "माके, वह्या तपासायच्यात," असं काहीतरी पुटपुटत त्याच्यामागून उतरला.

ल्युदामावशी वाट्या धुवायला थांबल्या. मार्लेन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तू का चिडतोस ते मला कळतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "या दोघांना नाही कळणार. त्यांच्या घरी माणसं आहेत. पण मी काय म्हणते ते ऐक. हे व्हावं म्हणून मी रोज मनातल्या मनात हात जोडत होते."

"तुम्ही?"

"वालेराकडे तिकडं जुना कम्प्युटर आहे. खोलीत सहा जण राहतात, काळा डबा आणि टीव्ही ठेवायला जागा कुठली? आम्ही फोनवर काय बोलतो माहितेय? जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. संपलं. तो बिचारा दमलेला असतो, आणि मला काही सुचत नाही. त्याच्याशी खेळता आलं तर न बोलता तो जरा वेळ थांबेल माझ्याजवळ." त्यांनी नळ बंद केला. "एवढंच."

पांढऱ्याची बटणं, कंपनीचा दगा, हजारो नावं, यातलं काहीच या बाईसमोर ठेवण्यासारखं नव्हतं.

"रविवारी याल?" त्यानं विचारलं.

"येईन की."

त्या आल्याही, खेळ बाजारात येईपर्यंत. दोघं एकमेकांशी खेळायचे आणि घरात बटणांची टकटक तेवढी ऐकू यायची.

ऑक्टोबरात कुलाक सगळीकडे आला. त्या रविवारी मार्लेननं पीठ मळलं होतं, मासा स्वतः विकत आणला होता. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. बाउरसाक त्यानं खालच्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन दिले. "पाहुणे आले नाहीत वाटतं आज?" त्यांनी विचारलं. "कामात आहेत," तो म्हणाला.

काही दिवसांनी बेकझातचा फोन आला. "माके, तुम्हीही आत या ना. आता काळे-पांढरे सगळे एकत्र खेळू शकतात. आम्ही आपली एक खोली उघडलीय, ऑनलाइन. तिसरा मजला नाव ठेवलंय."

"तिसरा मजला?"

"मग काय! दुसरं काय ठेवणार?"

मार्लेन दोन दिवस त्या नावाचा विचार करत राहिला. मग एका दुपारी कानाला हेडफोन लावून आत गेला. आत गलका होता. रिनात ओरडत होता, त्याची बायको मागून कुणाला तरी जेवायला हाक मारत होती, बेकझातकडे कुत्रा भुंकत होता. प्रत्येकाच्या घराचा आवाज त्याच्या रिकाम्या खोलीत येऊन बसला. मग पडद्यावर त्याचं नाव उमटलं आणि गलका विझला.

"नमस्कार, मार्लेन सेरिकोविच," रिनात वडिलांच्या नावासकट, अदबीनं म्हणाला. "कसे आहात? तुम्ही खेळणार का? आम्ही सरकतो."

इतकी वर्षं हा माणूस त्याला अरे, गाढवा, म्हाताऱ्या म्हणत आला होता. त्याला शिवी चालली असती.

"नाही," मार्लेन म्हणाला. "चुकून आलो."

तो फोरमवर गेला. तिथं तरी किनारा होता. पण तिथले काळेवाले आता पांढरेवाल्यांबरोबरच खेळत होते आणि एका लढवय्याची लाथ कंपनीनं कमजोर केली म्हणून सगळे मिळून भांडत होते. मार्लेननं एक लांब पोस्ट लिहिली. दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. तिच्याखाली काहीच नव्हतं.

हिवाळा लागला. सरोवर काठापासून आत गोठत गेलं, पंपघरात जाळीवरचा बर्फ फोडायचं काम सुरू झालं. एका सुट्टीच्या दिवशी तो बाजारात गेला तेव्हा ल्युदामावशींनी ठेल्यावरून हात केला.

"बरा सापडलास! माझा कम्प्युटर मुका झालाय. वालेरा बोलतो ते मला ऐकू येत नाही, मी बोलते ते त्याला जात नाही. तुला यंत्रातलं कळतं. चल."

त्यांचं घर गाजर, लसूण आणि व्हिनेगरच्या वासानं भरलेलं होतं. बिघाड किरकोळ निघाला, एक वायर चुकीच्या ठिकाणी खोचली होती. मावशी किसणी घेऊन बसल्या.

"वालेरा संध्याकाळी येतो, त्याची पाळी संपल्यावर. तोवर खेळून बघ, नीट चालतंय का. माझ्याच नावानं जा. मी एवढं किसून घेते."

मार्लेन बसला. तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी कुणी नव्हतं. तो उठणार तेवढ्यात रिनातचं नाव उमटलं.

"काय मावशी, आज दुकान लवकर बंद? मी जेवायला घरी आलोय. एक होऊन जाऊ दे!"

मार्लेननं मावशींकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले आणि किसत राहिल्या.

झुंज सुरू झाली. रिनात हरला. "आँ?" म्हणाला. पुन्हा खेळला, पुन्हा हरला. तिसऱ्या झुंजीत मध्येच त्याचा लढवय्या थांबला.

"एक मिनिट," रिनात म्हणाला. "मावशींना उडी मारल्याशिवाय दम धरवत नाही. हा कोपऱ्यात पाठ लावून उभाय, आणि मी चूक करायची वाट बघतोय. एवढा धीर या गावात एकाच माणसाला आहे." मग जरा वेळानं, हळू आवाजात, "मार्लेन?"

किसणी थांबली. माइक उघडा होता.

"हं," तो म्हणाला.

पलीकडे चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तू अजून तसाच खेळतोस," रिनात म्हणाला. "वीट आणतोस माणसाला."

"तू अजून डोळे मिटून दाबतोस."

"दाबतो. आणि जिंकतो. तुझ्याशी सोडून."

"रिनात, ते जे मी लिहिलं—"

"खेळ," रिनात म्हणाला. "मला परत गाडीवर जायचंय."

ते खेळले. बोलले फारसं नाहीत. एकदा रिनात जिंकला आणि ओरडला, अगदी पूर्वीसारखा, आणि मार्लेनला हसू आलं, आवाज न करता. मावशी गाजरं किसत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"चल, वेळ झाली," रिनात म्हणाला.

"रविवारी ये," मार्लेन घाईनं म्हणाला. "घरी ये. बाउरसाक करतो."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या खणखणल्या.

"रविवारी सासुरवाडीला जायचंय पोरांना घेऊन."

"मग पुढच्या?"

"बघू."

आणि त्याचं नाव पडद्यावरून गेलं.

तो पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पण आता मार्लेन आपल्या घरून, आपल्या नावानं तिसऱ्या मजल्यावर जातो आणि रिनात त्याला 'अरे' म्हणतो. आठवड्यातून एकदा-दोनदा, दुपारच्या जेवणाच्या वेळेत, ते दोघं खेळतात. रिनात गिऱ्हाइकांच्या गमती सांगतो. कधी संध्याकाळी वालेराही असतो, कारखान्याच्या खोलीतून कुजबुजत बोलतो, तिकडं रात्र होऊन बाकीचे झोपलेले असतात म्हणून. ल्युदामावशी त्याच्याशी तास तास खेळतात. बोलणं अजूनही 'जेवलास का' एवढंच, पण ते अधूनमधून होत राहतं. मार्लेन हे सगळं ऐकतो. कुणाचं जेवण झालं, कुणाचं पोर रडलं, कुणाचा कुत्रा भुंकला. मग एकेक करून सगळे जातात, तो हेडफोन काढतो, आणि घर पुन्हा त्याचं होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी असंच सगळे गेल्यावर त्याला घरात बसवेना. कोट चढवून तो सरोवराच्या काठानं चालत सुटला. आकाश पांढरं होतं आणि बर्फही पांढरा, कारखान्याच्या धुराची रेघ तेवढी पिवळट. काठापासून बऱ्याच आत मासे धरणारे एकेकटे, एकमेकांपासून लांब, पेटीवर बसलेले होते.

त्यातल्या एकानं त्याला हात केला. ओळखीचा नव्हता, तरी मार्लेन बर्फावरून त्याच्यापर्यंत गेला. भोक पाडायचं गिरमिट बर्फात अडकलं होतं. "जरा धर रे इथं," तो म्हणाला.

मार्लेननं दोन्ही हातांनी दांडा धरला, माणसानं जोर लावला. बर्फ करकरला, गिरमिट सुटलं आणि खालून काळं पाणी भसकन वर आलं.

"झालं," माणूस म्हणाला. "उपकार झाले."

"काही लागलंय का गळाला?" मार्लेननं विचारलं.

"अजून नाही."

तो माणूस पेटीवर बसला आणि भोकाकडे तोंड करून गळ सोडला. मार्लेन त्याच्या बाजूला थोडा वेळ उभा राहिला. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरायला लागली होती, माणूस ती झाऱ्यानं काढत होता. पुन्हा त्यानं वर बघितलं नाही. मार्लेननं हात खिशात घातले आणि काठाकडे चालायला लागला.